आलेंतेजू (पोर्तुगाल): लिस्बन-पोर्तो सोडून फक्त खेड्यापाड्यात सहा दिवस, कोणी गेलंय का?

सासवडकर
मंडळी, सल्ला हवाय. आई-बाबा सप्टेंबरअखेर आमच्याकडे रॉटरडॅमला येतायत आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांना घेऊन पोर्तुगालला जायचं ठरतंय. लिस्बन मी ऑफिसच्या कामाने दोनदा बघितलंय, गर्दी फार, चढ फार, ट्रामसाठी रांग फार. म्हणून या वेळी लिस्बनच्या विमानतळावर उतरून थेट पूर्वेला आलेंतेजूत जायचं डोक्यात आहे. नकाशावर बघितलं तर देशाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग हाच आहे आणि त्याबद्दल मराठीत काही म्हणजे काही सापडत नाही.

बाबा बांधकाम खात्यातून रिटायर झालेत, त्यामुळे दगड, कमान, पूल दिसला की ते तिथून हलत नाहीत. एक गुडघा बदललाय. आई शाकाहारी, अंडं चालतं पण 'दिसता कामा नये'. मला स्वतःला जुनी गावं, किल्ले, लोकांच्या हातातली कामं हे सगळं आवडतं.

यादीत सध्या आहे: एव्होरा, मोन्साराझ, मेर्तोला, एल्व्हाश, मार्व्हाव, विला विसोझा, एश्त्रेमोझ. सहा दिवसांत सात ठिकाणं होतील ना? एव्होरात एकच मुक्काम ठेवून रोज जाऊन-येऊन करावं की बॅगा घेऊन फिरावं?

रानजाई
सहा दिवसांत सात गावं? बाबांचा दुसरा गुडघाही बदलायचा बेत आहे का? :ड

कंदील
वाचनखूण साठवली. आम्हालाही जायचंय, पण मुलांच्या शाळेचं बघून.

लिस्बनवासी
नऊ वर्षं लिस्बनमध्ये आहे आणि दर दोन-तीन महिन्यांनी शनिवारी सकाळी उठून तिकडे पळतो, त्यामुळे थोडं लांब लिहितो, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, यादी निम्मी कर. आलेंतेजू म्हणजे तेजू (टॅगस) नदीच्या पलीकडचा मुलूख, नावच तसं आहे. इथे बघायचं असतं ते दोन गावांच्या मधलं. मैलोन् मैल बुचाच्या ओकची झाडं, खाली गवत, मेंढ्या, मध्येच टेकडीवर एक पांढरंशुभ्र गाव. झाडांच्या बुंध्यावर पांढऱ्या रंगात एक आकडा रंगवलेला दिसेल, ५ किंवा ८ वगैरे. ते साल सोलल्याच्या वर्षाचा शेवटचा आकडा. एकदा सोललं की नऊ वर्षं हात लावायचा नाही, आणि रोप लावल्यापासून पहिली सोलणी व्हायलाच साधारण पंचवीस वर्षं लागतात. म्हणजे लावणाऱ्याने नातवासाठी लावायचं. हे मला कोणी सांगेपर्यंत मी ते घर नंबर समजत होतो.

दुसरं, एव्होरात तीन रात्री, कास्तेलो द व्हीदला दोन आणि एक मोन्साराझला. कास्तेलो द व्हीद तुझ्या यादीतच नाही, ते का हवं ते वेगळं लिहितो, आत्ता मीटिंग आहे. मेर्तोला फार सुंदर आहे पण दक्षिणेला एका टोकाला पडतं, ते सोड.

तिसरं, गाडी लागेलच. एव्होरापर्यंत ट्रेन आणि बस आहे, लिस्बनहून दीड तास, पण पुढे गावागावांतल्या बसेस शाळेच्या वेळेला सुटतात, तुझ्या वेळेला नाही. ऑटोमॅटिक हवी असेल तर आत्ताच बुक कर.

ठाण्याची_आजी
बाळा, आम्ही ग्रुप टूरने गेलो होतो, एव्होरात फक्त तीन तास दिले. त्यात ती हाडांची चॅपल दाखवली. भिंतीत, खांबांत सगळीकडे माणसांच्या कवट्या आणि हाडं रचलेली, साधारण पाच हजार माणसांची म्हणाली गाइड. दारावर लिहिलंय की आम्ही हाडं इथे तुमच्या हाडांची वाट बघतोय. आमच्या ग्रुपमधल्या एक बाई तिथून थेट बाहेर येऊन बसल्या, दुपारचं जेवल्या नाहीत. मला मात्र वाईट नाही वाटलं, आपल्या कीर्तनात बुवा हेच सांगतात, फक्त हाडं दाखवत नाहीत. तुझ्या आईला आधी विचार हो, अचानक नेऊ नकोस.

गडवाट
स्पष्ट बोलतो, राग मानू नये. ज्यांनी गोव्यात देवळं पाडली, इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) आणलं, वसई-चौलला काय केलं ते सगळ्यांना माहितीय, त्यांच्याच खेड्यात जाऊन 'वा काय किल्ला आहे' करायचं? त्या किल्ल्यांना पैसा कुठून आला हे कोणी विचारत नाही. आपल्या वसईच्या किल्ल्यात झुडपं माजलीत, आधी ती बघा. चिमाजी अप्पांनी १७३९ ला जी वसई घेतली तिथे किती जण गेलेत या धाग्यावरचे?

पिंपळपान
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

भुईगावची
गडवाट, मी गेलेय, रोजच. माहेर तिथून सायकलवर वीस मिनिटं.

आम्ही वसईचे ख्रिस्ती, त्यामुळे हा प्रश्न आम्हाला लहानपणापासून दोन्हीकडून विचारला जातो. शाळेत 'तुम्ही पोर्तुगीज का' आणि पोर्तुगालला गेले तेव्हा तिथल्या एका काकूंनी गळ्यातलं मंगळसूत्र बघून 'तुम्ही हिंदू का'. माझं मत विचाराल तर राज्य करणारे आणि खेड्यात ऑलिव्ह वेचणारे हे एक नव्हेत. आलेंतेजूत जमिनी मूठभर लोकांच्या होत्या, बाकीचे रोजंदारीवर. त्यांच्या घामाचा गोव्यातल्या सोन्याशी काय संबंध? इतिहास माहीत असून बघायला जाणं वेगळं आणि भारावून जाणं वेगळं.

आणि वसईच्या चर्चमधल्या घंटा नाशिकपासून भीमाशंकरपर्यंत देवळांत वाजतायत ना अजून, त्या आपण उतरवल्या नाहीत. मग?

गडवाट
घंटा आपण जिंकून आणल्या, विकत तिकीट काढून बघायला गेलो नाही. पण मुद्दा पोचला. रोजंदारीवाला भाग मला माहीत नव्हता.

लिस्बनवासी
मीटिंग संपली. गडवाट, तुमच्यासाठीच लिहितो.

इन्क्विझिशन गोव्यात आलं १५६० ला. पण पोर्तुगालमध्ये ते पहिल्यांदा सुरू झालं १५३६ साली, आणि कुठे, तर याच एव्होरात, तेव्हा राजाचा दरबार तिथे होता. भरडले गेले ते प्रामुख्याने तिथलेच ज्यू, ज्यांना १४९७ मध्ये सक्तीने ख्रिश्चन केलं होतं. स्पेनने १४९२ ला हाकलल्यावर पुष्कळ ज्यू सीमा ओलांडून जवळच्या गावांत आले, त्यातलं एक कास्तेलो द व्हीद. आजही तिथल्या ज्यू आळीत उतारावर टोकदार कमानींची दगडी दारं ओळीने दिसतात, छोटं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनाघर) आहे, आता संग्रहालय.

त्या गावात १५०१ च्या आसपास अशाच एका कुटुंबात गार्सिया द ऑर्ता जन्मला. शिकून वैद्य झाला, १५३४ ला गोव्यात आला आणि परत कधी गेला नाही. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्य होता, मित्रही. पुढे मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं! १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या औषधींच्या पुस्तकात आंबा, फणस, हिंग, भांग, पटकी सगळं आहे, आणि आपल्या मुंबईतल्या बेटावरचं एक आंब्याचं झाड वर्षातून दोनदा फळतं हेही त्याने त्यात लिहून ठेवलंय. १५६८ ला तो गेला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारीनाला, गोव्यात जाळलं, आणि १५८० ला त्याची स्वतःची हाडं उकरून काढून जाळली. ज्यू धर्म लपून पाळल्याचा आरोप.

१९८९ साली पोर्तुगालचे अध्यक्ष मारियो सुआरेस यांनी याच गावात ज्यूंची जाहीर माफी मागितली. म्हणजे जे विचारायचंय ते विचारायलाही हीच जागा योग्य आहे.

गडवाट
मी नगरचा आहे. आयुष्य भुईकोट किल्ल्याच्या बाहेर चहा पिण्यात गेलं आणि हे आज कळतंय. थांबा, वाचतो जरा.

मुठाकाठचा
रोचक! आणि मुंबईचा दुसरा धागा विला विसोझाला आहे बरं का. कॅथरीन ऑफ ब्रगांझा, जिच्या हुंड्यात मुंबई गेली, ती १६३८ ला तिथल्याच राजवाड्यात जन्मली. तेव्हा बाप नुसता ड्यूक होता, दोन वर्षांनी स्पेनपासून सुटून राजा झाला. १६६१ च्या लग्नाच्या करारात मुंबई आणि टँजियर इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला. गोव्याचा व्हाइसरॉय कुरकुरत राहिला, देतो देतो म्हणत ताबा दिला १६६५ मध्ये. आणि चार्ल्सने तीच मुंबई १६६८ मध्ये कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली.

रानजाई
दहा पौंडात आता दादरला वडापाव आणि पार्किंग.

पिंपळपान
रानजाई, पार्किंग नाही मिळणार.

लिस्बनवासी
हो, राजवाडा बघच. शंभर मीटरहून लांब संगमरवरी दर्शनी भिंत. तो सगळा पट्टाच, एश्त्रेमोझ-बोर्बा-विला विसोझा, संगमरवराचा आहे, इतका की साध्या घराचे उंबरेसुद्धा संगमरवरी, आणि रस्त्याच्या कडेला एकदम खोल खाणी. राजवाड्यात स्वयंपाकघर आहे, शेकडो तांब्याची भांडी भिंतीवर, आई खूश होतील. शेवटून दुसरा राजा कार्लुश १ फेब्रुवारी १९०८ ला सकाळी इथूनच निघाला आणि त्याच संध्याकाळी लिस्बनच्या चौकात त्याला आणि युवराजाला गोळ्या घातल्या. त्याची खोली ठेवलीय तशीच. गाइडबरोबरच आत सोडतात. सोमवार टाळा, बऱ्याच जागा बंद असतात.

दगडफूल
सगळे राजे-राण्यांत अडकलेत, दगडांचं कोणीच बोलत नाहीये!

एव्होरापासून पंधरा-एक किमीवर ग्वादालूप गाव, तिथून कच्च्या रस्त्याने आल्मेन्द्रेश. टेकडीच्या उतारावर बुचाच्या झाडांत ९५ च्या आसपास उभे दगड, काही गोल गरगरीत, काही माणसाएवढे, वर्तुळात-लंबगोलात मांडलेले. त्यातली सगळ्यात जुनी मांडणी इ.स.पू. सहाव्या सहस्रकातली मानतात, म्हणजे इंग्लंडच्या स्टोनहेंजच्या दोनेक हजार वर्षं आधीची. तिकीट नाही, कुंपण नाही, चहावाला पण नाही. १९६० च्या दशकापर्यंत हे काय आहे ते संशोधकांना माहीतच नव्हतं, झुडपांत पडून होतं.

मी सकाळी साडेसातला पोचलो, दोन तास एकटा. काही दगडांवर अगदी पुसट कोरीव आहे, टोकाला वाकलेल्या काठीसारखं, वर्तुळं, ते फक्त तिरप्या उन्हात दिसतं. दुपारी बाराला जाऊन 'काय नुसते दगड' म्हणणारे लोक मला भेटलेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

ताकभात
आईच्या जेवणाचं कोणीच सांगितलं नाही अजून, आणि तोच तर खरा वारसा :)

तर ऐका. पोर्तुगालमध्ये कोथिंबीर मनापासून खाणारा प्रांत कुठला असेल तर हा. 'असोर्दा' म्हणजे काय, तर लसूण, कोथिंबीर, मीठ खलबत्त्यात वाटायचं, त्यावर ऑलिव्हचं तेल, त्यावर उकळतं पाणी, आणि त्यात शिळ्या पावाचे तुकडे. वर पाण्यात शिजवलेलं अंडं सोडतात. गरिबाचं जेवण, शेतावरचं. अंडं नको म्हणायचं असेल तर 'सें ओवू' सांगायचं. पण एक लक्षात ठेवा, काही ठिकाणी ते उकळतं पाणी बकाल्याव मासा शिजवलेलं असतं, म्हणून विचारूनच घ्या. 'मिगश' दिसायला आपल्या फोडणीच्या पावासारखं, पण बहुतेक वेळा डुकराच्या चरबीत परततात. हिरवं सूप मागवलं तर त्यात सॉसेजचा एक तुकडा हळूच तरंगत येतो, 'शाकाहारीच आहे' म्हणून.

एव्होरा आणि सेर्पाचं मेंढीच्या दुधाचं चीज मात्र आईंना बिनधास्त द्या. दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट नाही, एका काटेरी झाडाच्या जांभळ्या फुलाचे तुरे वापरतात. सेर्पाच्या पिकलेल्या चीजचं वरचं कापून चमच्याने खायचं.

आणि टेबलावर न मागता पाव-ऑलिव्ह-चीज येतं ते फुकट नसतं. खाल्लंत तर बिलात. आम्ही पहिल्या दिवशी 'काय पाहुणचार' म्हणत तीन वाट्या संपवल्या.

पेडणेकर_साखळीचा
ताकभात, पाव म्हटला म्हणून आठवलं. आई-बाबांना भाषेची भीती वाटत असेल तर सांगा, अर्धी भाषा येतेच त्यांना. बटाटा, पाव, साबण, चावी, बादली, घमेलं, लिलाव, पगार, नाताळ. आमच्या गोव्यात तर अजून ढीगभर. फक्त तिथे चावीला 'शाव्ह' म्हणतात आणि सगळे शब्द निम्मे गिळतात.

कंदील
पगार पण त्यांचा?? म्हणून लवकर संपतो.

पिंपळपान
अवांतर: गोव्याच्या आजोबांच्या कागदांवर पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो का?

पेडणेकर_साखळीचा
त्याचा वेगळा धागा आहे, ४०० प्रतिसाद झालेत, इथे नको रे बाबा.

उजनीकाठ
मोन्साराझला जाणार असाल तर खाली जे अफाट पाणी दिसतं ते आल्केव्हा धरणाचं. २००२ च्या फेब्रुवारीत दरवाजे बंद केले. त्यात लूझ नावाचं गाव गेलं. लूझ म्हणजे उजेड. दोन-तीन किलोमीटरवर नवीन लूझ बांधून दिलं, शेजाऱ्याला शेजारी तोच, चर्च तसंच्या तसं, आणि दफनभूमीसुद्धा हलवली. तिथे एक छोटं संग्रहालय आहे, जमिनीत अर्धं बुडाल्यासारखं.

माझं आजोळ पळसदेवकडचं, उजनीत गेलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं देऊळ वर येतं ते बघायला आता लोक बोटीने येतात, सेल्फी काढतात. माझी आजी एकदाही गेली नाही. त्यामुळे लूझच्या त्या संग्रहालयात जुन्या घरांतल्या साध्यासुध्या वस्तू बघताना मला काही सुचेना, मी बाहेर येऊन गाडीत बसले. बायांनी भिंतींना चुना मारून खाली निळा पट्टा ओढलेला, अगदी आपल्याकडे चुन्यात नीळ घालायचे तसा. नवीन गावातही पट्टा आहे. पण सगळ्या घरांचं वय एकच असलं की गाव कसं कॉलनीसारखं दिसतं.

तुमच्याकडे वेळ असेल तर जा, नसेल तर वरून मोन्साराझच्या तटावरून बघा, पण ते 'सुंदर तलाव' म्हणून फोटो टाकाल तेव्हा खाली गाव होतं एवढं लिहा.

सासवडकर
बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! उजनीकाठ, नक्की लिहीन. बाबा आत्ता फोनवर होते, त्यांना धरणाचं सांगितलं तर म्हणाले भराव की काँक्रीट. लिस्बनवासी, एल्व्हाश पण काढू का? तिथली पाण्याची कमान-नळ बाबांना दाखवायची फार इच्छा होती.

लिस्बनवासी
काढ. एल्व्हाशचा जलसेतू प्रचंड आहे, १६२२ ला पुरा झाला, चार-चार मजली कमानी. पण एव्होरात आहे की, १५३० च्या दशकातला, आणि तो गावात शिरतो तिथे लोकांनी कमानींच्या पोटात घरं-दुकानं घातलीत. बाबांना तोच जास्त आवडेल.

आणि रोमन देवळाजवळ संध्याकाळी जा. चौदा खांब उभे आहेत. लोक डायनाचं देऊळ म्हणतात, पण ती नंतरची कथा, ते बहुधा सम्राटाच्या पूजेचं. वाचलं कसं माहितीये? मध्ययुगात खांबांच्या मधल्या जागा बुजवून टाकल्या आणि १८३६ पर्यंत तिथे खाटीकखाना चालू होता. वापरात राहिलं म्हणून राहिलं.

निळीशाई
हातकामाचं म्हणालात म्हणून. आल्कासोव्हशला गुरांच्या गळ्यातल्या घंटा करतात, २०१५ ला युनेस्कोच्या 'तातडीने वाचवा' यादीत गेलं ते काम. लोखंडी पत्रा ठोकून घंटेचा आकार, त्यावर पितळेचे तुकडे, सगळं भुसा कालवलेल्या मातीत लिंपून भट्टीत. पितळ वितळून लोखंडावर चढतं. मग प्रत्येक घंटा हातोडीने ठोकून सुरात आणायची. मेंढपाळाला आपला कळप आवाजावरून ओळखता आला पाहिजे. मी ती एक घेतली, पुण्यात दाराला लावलीय, कुरिअरवाला वैतागलाय.

सांव पेद्रू दु कोर्व्हालला कुंभारांची वस्ती आहे, मोन्साराझच्या वाटेवरच. आणि एश्त्रेमोझच्या मातीच्या रंगीत बाहुल्या, त्यात एक डोळ्यांवर पट्टी बांधलेली 'प्रेम आंधळं असतं' नावाची, ती घ्याच.

रानजाई
गाणं कोणी सांगितलंच नाही! कांत आलेंतेजानु. वाद्य एकही नाही. एक जण एकटा सुरू करतो, दुसरा वरच्या पट्टीत उचलतो, आणि मग वीस-पंचवीस जणांचा जड, संथ आवाज. हातात हात अडकवून, डुलत डुलत चालतात. खाण कामगार आणि शेतमजुरांचं गाणं, २०१४ ला युनेस्कोत गेलं. इतकं हळू असतं की पहिल्यांदा वाटतं हे थांबले की काय. बाकी पोर्तुगीज लोक आलेंतेजूच्या माणसांवर आळशीपणाचे विनोद करतात, इथलेच लोक ते स्वतः जास्त रंगवून सांगतात. पण जुलैत ४० डिग्रीत गहू कापून बघा म्हणावं.

सासवडकर
परत आलो! उशीर झाला लिहायला, आई-बाबांना विमानात बसवलं आणि मग ऑफिस. सगळ्यांचे आभार, आता हिशेब देतो.

शेवटी चारच जागा केल्या. एव्होरा, विला विसोझा (जाता जाता), कास्तेलो द व्हीद, मोन्साराझ. मार्व्हाव अर्धाच दिवस, साडेआठशे मीटरवर आहे, गाडी दरवाज्यापर्यंत जाते म्हणून जमलं. बाबा तटावर बसून राहिले, मी वर जाऊन आलो.

पहिलाच दिवस फजितीचा. एव्होरात नॅव्हिगेशनने एका गल्लीत घातलं, ती पुढे पुढे अरुंद होत गेली, शेवटी दोन्ही आरसे मिटून, बाबा खाली उतरून 'येऊ दे, येऊ दे, बस्स' करत, समोर एक आजोबा त्यांच्या भाषेत तेच ओरडत, अशी गाडी बाहेर काढली. दाराला ओरखडा. गाडीवाल्या कंपनीने त्याचे एवढे पैसे लावले की नवीन दार आलं असतं. गाडी तटाबाहेर लावा आणि चालत आत जा, हा माझा एकमेव मौलिक सल्ला.

जलसेतूच्या कमानीतली घरं बघून बाबांचं पहिलं वाक्य, 'हे अतिक्रमण नियमित कधी झालं?' मग तासभर प्रत्येक कमानीचा की-स्टोन बघत फिरले. एका घराच्या दारात बसलेल्या बाईंनी खुर्ची दिली त्यांना. भाषा शून्य, पण दोघांनी हातवाऱ्यांनी चुन्याच्या गिलाव्यावर काहीतरी चर्चा केली.

हाडांच्या चॅपलला आईला आधी विचारलं (आजी, थँक्यू). ती आत आली, हात जोडले, दोन मिनिटं थांबली आणि म्हणाली, निदान नावं तरी लिहायची. त्यापुढे मला काही बोलता आलं नाही.

आल्मेन्द्रेशला दगडफूलच्या धाकाने सकाळी आठला. कोरीव एकच सापडलं, तेही बाबांना. कच्चा रस्ता ठीक आहे, हळू जा.

कास्तेलो द व्हीदला दोन रात्री हा सगळ्यात चांगला निर्णय. ज्यू आळी चढावर आहे, बाबा निम्म्यातून कारंज्याजवळ परत आले, मी आणि आई वरपर्यंत गेलो. दारात कुंड्या, मांजरं, कपडे वाळत घातलेले, लोक राहतात तिथे. आईला ऑर्ताची गोष्ट सांगितली. तिचं माहेर नगरचं (गडवाट!). ती म्हणाली, म्हणजे इथून निघून तो आमच्याकडे औषध द्यायला आला, आणि हाडं गोव्यात जाळली. मग त्या दिवशी ती फारसं बोलली नाही.

गाणं ठरवून नाही मिळालं. पण मोन्साराझच्या वाटेवर एका गावात जेवायला थांबलो तर आतल्या टेबलावरचे पाच-सहा म्हातारे जेवण झाल्यावर एकदम सुरू झाले. बाबा टाळ शोधत असल्यासारखे बघत होते.

गडवाट
सासवडकर, आईंना नमस्कार सांगा. मी मधल्या काळात वाचलं थोडं. वसईबद्दलचं माझं मत तेच आहे, ते बदलणार नाही. पण त्या गावाला मात्र जायचंय एकदा. विमानतळापासून किती तास?

लिस्बनवासी
गाडीने अडीच-पावणेतीन. येताना सांगा, मी येतो बरोबर, मलाही कोणीतरी भांडायला हवंय.

भुईगावची
मीही. मागच्या सीटवर बसेन, दोघांना सोडवायला.

ताकभात
ते सगळं ठीक, आईंनी असोर्दा खाल्लं का नाही ते सांगितलंच नाहीस.

सासवडकर
खाल्लं! 'सें ओवू', साध्या पाण्यातलं, तीनदा विचारून. इतकं आवडलं की रॉटरडॅमला आल्यावर शिळ्या भाकरीचं करून बघितलं. बाबांनी दोनदा घेतलं. नाव घ्यायला तयार नाहीत मात्र, लसणाचा काला म्हणतात.